एका दिवसाचा महाराजा

पहिले महायुद्ध अद्याप संपायचे होते. इंदूर शहरात दिवाळीच्या दिवसांत एक मिरवणूक निघाली. अग्रभागी होळकर संस्थानचे घोडेस्वार आणि पायदळ होते, मागे हत्ती आणि उंट, पिकांच्या समृद्धीचे देखावे. इथवर सारे रिवाजाला धरून होते. मग वाद्यांचा सूर एकाएकी कर्कश झाला. पडक्या, भेगाळलेल्या, अंधाऱ्या घरांच्या प्रतिकृती गाड्यांवरून येऊ लागल्या. त्यांच्यापाठोपाठ अस्वच्छतेचा अक्राळविक्राळ राक्षस आला, प्लेगचा अवाढव्य उंदीर आला आणि हिवतापाचे डासही आले. रस्त्याच्या दुतर्फा उभी असलेली माणसे स्तब्ध झाली.

थोडे अंतर मोकळे सोडून पुन्हा प्रसन्न वाद्ये वाजू लागली. आता येत होते ते शहराचे सफाई कामगार. अंगात स्वच्छ पांढरे कपडे, डोक्याला नव्या पगड्या, गळ्यात फुलांच्या माळा. त्यांच्या कचऱ्याच्या गाड्या नव्याने रंगवलेल्या होत्या, बैलांची शिंगे पोळ्याला रंगवावीत तशी रंगवलेली होती. त्यांच्यामागून लक्ष्मी आली आणि लक्ष्मीनंतर आजवर कोणीही न पाहिलेली एक देवता आली. ती होती खुद्द इंदूर नगरी. तिच्या निशाणावर उद्याच्या शहराचा नकाशा रेखाटलेला होता. मागाहून ग्रंथालय, वस्तुसंग्रहालय, नाट्यगृह आणि हवेशीर घरांच्या प्रतिकृती, गवंडी-सुतारांचे चित्ररथ, फळाफुलांच्या गाड्या आणि घरोघरी वाटण्यासाठी तुळशीची रोपे असा सारा थाट होता. दिवेलागणीला राक्षसाचे आणि उंदराचे दहन झाले आणि आतषबाजीने आकाश उजळून निघाले.

या मिरवणुकीचा कर्ताकरविता एक पांढऱ्या दाढीचा, विस्कटलेल्या केसांचा, साठी ओलांडलेला स्कॉटिश प्राध्यापक होता. वनस्पतिशास्त्राचा अध्यापक, नगररचनेचा आद्य विचारवंत आणि पुढे मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाचा संस्थापक असलेल्या या माणसाचे नाव पॅट्रिक गेडेस. शहर नीटनेटके करावयाचे तर केवळ अभियंत्यांच्या आराखड्यांवर विसंबून चालत नाही, त्या कामी चित्रकार, शिल्पकार, वादक आणि रस्त्यावरचा सामान्य माणूस यांनाही बरोबर घ्यावे लागते, हे गेडेस यांनी आयुष्यभर सांगितले आणि जमेल तेथे करूनही दाखविले. हवामानबदलाच्या संकटाशी झुंजण्यासाठी जगभरातील नगरपालिका आज कलावंतांची मदत घेऊ लागल्या असताना या विलक्षण माणसाच्या आयुष्याकडे पुन्हा एकदा पाहणे अगत्याचे ठरते.

बागेत घडलेले बालपण

गेडेस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधील बॅलटर या गावी झाला. वडील सैन्यात होते. पॅट्रिक अगदी लहान असतानाच हे कुटुंब पर्थ शहराजवळच्या टेकडीवरील एका घरात राहावयास आले. घराला बाग होती, बागेपलीकडे डोंगर, खाली नदी आणि शहर. झाडे लावणे आणि टेकडीवरून साऱ्या खोऱ्याकडे एका नजरेत पाहणे या दोन सवयी त्यांना तेथेच जडल्या. त्या अखेरपर्यंत सुटल्या नाहीत.

एडिंबरो विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकावे म्हणून ते गेले खरे, परंतु तेथील रूक्ष अध्यापनपद्धतीला कंटाळून आठवड्याभरातच परतले. पुढे लंडनमध्ये थॉमस हेन्री हक्स्ली या नामवंत जीवशास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी शिक्षण घेतले. पदवी मात्र त्यांनी कधीच मिळविली नाही. परीक्षा या प्रकाराविषयी त्यांच्या मनात कायमची अढी बसली.

१८७९ मध्ये संशोधनासाठी ते मेक्सिकोला गेले असताना त्यांच्या आयुष्याला निर्णायक वळण मिळाले. तेथे त्यांचे डोळे बिघडले आणि कित्येक आठवडे त्यांना अंधाऱ्या खोलीत काढावे लागले. सूक्ष्मदर्शकावर ज्याचे आयुष्य बेतलेले त्या तरुण शास्त्रज्ञावर हा मोठाच आघात होता. त्या अंधारात खिडकीच्या तावदानांच्या चौकटी बोटांनी चाचपडताना त्यांना विचारांची मांडणी करण्याची एक रीत सुचली. कागदाला घड्या घालून चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनात एकेक कल्पना ठेवायची आणि त्यांचे परस्परसंबंध तपासायचे. दृष्टी परत आली, तरी सूक्ष्मदर्शकावर दीर्घकाळ काम करणे त्यांना पुढे कठीण गेले. जीवशास्त्रज्ञाची नजर पेशींकडून समाजाकडे वळली ती येथून. स्थळ, काम आणि लोक या तिन्हींचा एकत्र विचार केल्याखेरीज कोणतेही गाव समजत नाही, हे फ्रेंच विचारवंत फ्रेडरिक ल प्ले यांच्याकडून घेतलेले सूत्र त्यांनी आपलेसे केले.

गलिच्छ वस्तीतला संसार

१८८६ मध्ये गेडेस यांचा विवाह लिव्हरपूलच्या एका व्यापाऱ्याची कन्या अॅना मॉर्टन यांच्याशी झाला. अॅना संगीताच्या जाणकार होत्या आणि समाजकार्याची त्यांना ओढ होती. नवदांपत्याने बिऱ्हाड थाटले ते एडिंबरोच्या जुन्या शहरातील जेम्स कोर्ट या दाटीवाटीच्या वस्तीत. एके काळी प्रतिष्ठितांची असलेली ही वस्ती आता शहरातील सर्वांत गलिच्छ भागांत मोडत होती. सुस्थितीतील मंडळी तेथून केव्हाच निघून गेली होती. गेडेस पती-पत्नी मात्र तेथे आपण होऊन राहायला गेली.

त्यांनी कोणाला उपदेश केला नाही. आधी स्वतःच्या घराची डागडुजी केली, भिंतींना चुना दिला, खिडक्यांत फुलझाडांच्या पेट्या लावल्या. हळूहळू शेजारी हाताशी येऊ लागले. अंगणातला कचरा निघाला, कोंदट बोळ स्वच्छ झाले. मग पडीक घरे दुरुस्त करून तेथे विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उभे राहिले. किल्ल्याजवळचे रॅमझे गार्डन हे सुंदर गृहसंकुल याच उपक्रमातून आकाराला आले. शिकलेली माणसे जुन्या शहरात परत राहायला आली तरच ते शहर जगेल, अशी त्यांची धारणा होती.

एडिंबरो सोशल युनियन या संस्थेच्या कामातून त्यांनी कलावंतांना वस्तीत आणले. सार्वजनिक सभागृहांच्या भिंती चित्रांनी सजू लागल्या. जॉन डंकन यांच्यासारख्या चित्रकारांनी गेडेस यांच्या वास्तूंमध्ये भित्तिचित्रे काढली. ‘एव्हरग्रीन’ हे त्यांचे नियतकालिक चित्रकार आणि लेखक यांच्या सहभागातून निघाले. कला ही श्रीमंतांच्या दिवाणखान्यातली शोभा नव्हे, नगरजीवनाची ती गरज आहे, ही गोष्ट ते कृतीतून सांगत होते.

१८९२ मध्ये त्यांनी एडिंबरोच्या किल्ल्याजवळील एक मनोरा ताब्यात घेतला. आउटलुक टॉवर या नावाने तो पुढे जगप्रसिद्ध झाला. मनोऱ्याच्या माथ्यावर कॅमेरा ऑब्स्क्युरा होता. अंधाऱ्या खोलीतील पांढऱ्या मेजावर शहराचे जिवंत, हलते चित्र उमटे. पाहणाऱ्याने आधी आपले शहर पाहायचे आणि मग एकेक मजला खाली उतरत एडिंबरो, स्कॉटलंड, इंग्रजी भाषक देश, युरोप आणि शेवटी जग असा प्रवास करायचा. आपल्या गल्लीचे जगाशी असलेले नाते नागरिकाला डोळ्यांनी दिसावे, हा त्यामागचा हेतू. याच मनोऱ्यातील मंडळींनी जुन्या शहरातील पडीक मोकळ्या जागांची पाहणी केली. सत्तरहून अधिक जागा सापडल्या. त्यांतील काहींच्या बागा झाल्या. या कामात गेडेस यांची कन्या नोरा यांचा पुढाकार होता. मुले तेथे खेळू लागली आणि भाजीपाला पिकवू लागली.

हे सारे करताना गेडेस १८८८ पासून डंडी येथील युनिव्हर्सिटी कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. मित्राने दिलेल्या देणगीतून निर्माण झालेल्या या पदाची अट मोठी सोयीची होती. वर्षातून केवळ उन्हाळ्याचे सत्र शिकवायचे, उरलेला काळ आपला आपण वापरायचा. तो काळ त्यांनी शहरांना दिला.

धुराचे युग आणि उद्याचे युग

सारीच कामे यशस्वी झाली असे नव्हे. अँड्रयू कार्नेगी या पोलादसम्राटाने आपल्या डन्फर्मलिन या जन्मगावासाठी मोठा निधी दिला, तेव्हा तेथील उद्यानाचा आणि सांस्कृतिक संस्थांचा आराखडा गेडेस यांच्याकडे मागण्यात आला. १९०४ मध्ये त्यांनी सविस्तर ग्रंथच सादर केला. दूषित ओढा स्वच्छ करण्यापासून जुन्या इमारती जपण्यापर्यंत त्यात सर्व काही होते. विश्वस्तांनी तो बाजूला ठेवला. कागदावर राहिलेल्या त्यांच्या अनेक योजनांतील ही एक आरंभीची.

१९१५ मध्ये ‘सिटीज इन इव्होल्यूशन’ हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. फुगत जाऊन एकमेकांत मिसळणाऱ्या शहरांच्या समूहाला आज जगभर जी इंग्रजी संज्ञा वापरली जाते, ती त्यांनी याच ग्रंथात घडविली. त्याहूनही महत्त्वाची होती ती त्यांची औद्योगिक युगाची चिकित्सा. कोळसा जाळून, धूर ओकून, निसर्गाचा साठा उधळून पैसा निर्माण करणाऱ्या काळाला त्यांनी यंत्रयुगाची रानटी अवस्था मानले. वीज, स्वच्छ तंत्र, बागा आणि आरोग्य यांवर उभे राहणारे पुढचे युग येऊ घातले आहे, त्याची निवड माणसानेच करायची आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. वातावरणातील कर्बवायूची मोजदाद तेव्हा कोणत्याही नगरपालिकेच्या विषयपत्रिकेवर नव्हती. तरीही इंधन उधळणे म्हणजे समाजाचे भांडवल उधळणे होय, हे या वनस्पतिशास्त्रज्ञाने ओळखले होते. पृथ्वीवरचे सारे जीवन अखेर हिरव्या पानांवर चालते, पैशावर नव्हे, ही त्यांच्या विचारांची बैठक होती.

समुद्रात बुडालेले प्रदर्शन

शहरांविषयीचे हे विचार लोकांपर्यंत नेण्यासाठी त्यांनी नकाशे, चित्रे, छायाचित्रे आणि आराखडे यांचे एक फिरते प्रदर्शन उभारले होते. १९१३ मध्ये बेल्जियममधील गेंट येथे त्याचा गौरव झाला. मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांनी त्यांना या प्रदर्शनासह भारतात बोलाविले. १९१४ च्या शरदात गेडेस थोरला मुलगा अलास्डेअर याच्यासह भारतात आले. सारे साहित्य ‘क्लॅन ग्रँट’ या दुसऱ्या बोटीने येत होते. ऑक्टोबर १९१४ मध्ये ‘एम्डेन’ या जर्मन युद्धनौकेने ती बोट बुडविली. याच नौकेने महिन्याभरापूर्वी मद्रासवर तोफा डागल्या होत्या.

वर्षानुवर्षांची मेहनत समुद्राच्या तळाशी गेली. दुसरा कोणी असता तर परतीची वाट धरता. गेडेस यांनी मायदेशी मित्रांना पत्रे धाडली, त्यांनी घाईने नवे साहित्य गोळा करून पाठविले आणि जानेवारी १९१५ मध्ये मद्रासला प्रदर्शन भरले. त्यानंतरची सुमारे दहा वर्षे त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग भारताशी जोडला गेला. मद्रास आणि मुंबई इलाख्यांतील गावे, बडोदा, लखनौ, ढाका, लाहोर, जबलपूर, कलकत्ता, पतियाळा अशा कितीतरी शहरांचे अहवाल त्यांनी लिहिले. त्यांत आपले ठाणेही होते.

त्यांची पद्धत सरकारी नगररचनाकारांच्या पद्धतीहून अगदी वेगळी होती. त्या काळी सुधारणा म्हणजे नकाशावर पट्टी ठेवून सरळ रुंद रस्ता आखायचा आणि वाटेत येईल ते पाडायचे, असा खाक्या होता. मुंबईत १८९६ च्या प्लेगनंतर स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टचे कामही बहुतांशी याच वळणाने चालले. गेडेस पहाटे उठून गल्लीबोळांतून पायी हिंडत. विहीर कोठे आहे, पिंपळाचा पार कोठे आहे, बायका पाणी कोठून आणतात, मुले कोठे खेळतात, हे टिपून घेत. मगच दुखणे कोठे आहे ते ठरवीत. कुशल वैद्य जसा रोग्याची नाडी पाहिल्याशिवाय शस्त्राला हात घालत नाही, तसे हे होते. एखादे ढासळलेले घर काढले, दोन पडीक जागा जोडल्या, तेथे छोटासा चौक करून झाड लावले, की साऱ्या गल्लीला हवा आणि उजेड मिळतो, हे ते दाखवून देत. माणसे बेघर होत नसत आणि खर्च मूळ योजनेच्या अंशमात्र येई.

तळ्यांविषयीचा त्यांचा आग्रह तर आज वाचताना अस्वस्थ करतो. हिवतापाच्या भीतीने जागोजागी तळी बुजविण्याची मोहीम तेव्हा सुरू होती. तळी बुजवू नका, ती स्वच्छ करा, त्यांत डासांच्या अळ्या खाणारे मासे सोडा, असे गेडेस सांगत. तळे हवा थंड ठेवते, पावसाचे पाणी सामावून घेते आणि गावाची शोभाही वाढविते, हा त्यांचा युक्तिवाद होता. तुंबणाऱ्या पाण्याने आणि उन्हाळ्याच्या तापाने हैराण होणाऱ्या महाराष्ट्रातील शहरांनी शतकभरात किती तळी गिळली, याचा हिशेब ज्याने त्याने मांडावा.

दुःखाचे वर्ष

१९१७ हे वर्ष गेडेस यांच्यावर वज्राघात करणारे ठरले. अलास्डेअर युद्धात भरती झाला होता. निरीक्षण-फुग्यांच्या दलात त्याने पराक्रम गाजविला होता. एप्रिलमध्ये फ्रान्सच्या आघाडीवर तोफगोळ्याने तो मारला गेला. ही तार आली तेव्हा अॅना भारतातच तापाने अंथरुणाला खिळल्या होत्या. आजारी पत्नीला हा धक्का सोसणार नाही म्हणून गेडेस यांनी ती बातमी तिच्यापासून लपविली. तिच्या उशाशी बसून ते मुलाची जुनी पत्रे वाचून दाखवीत राहिले. जूनमध्ये अॅना यांनीही जगाचा निरोप घेतला. मुलगा गेल्याचे त्यांना अखेरपर्यंत कळले नाही.

तीस वर्षांची सहचारिणी आणि कामाचा वारसा चालविणारा मुलगा दोघेही दोन महिन्यांच्या अंतराने गेले. गेडेस यांनी स्वतःला कामात बुडवून घेतले. इंदूरची दिवाळीची मिरवणूक ही या शोकाच्या पार्श्वभूमीवरची आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे तिचा अर्थ अधिक गहिरा होतो.

पुणे आणि इंदूर

प्लेग ही महाराष्ट्राच्या स्मृतीतील एक ठसठसती जखम आहे. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगचा बंदोबस्त करण्यासाठी गोरे शिपाई घराघरांत घुसले, सामानाची नासधूस झाली, देवघरांचीही तमा बाळगली गेली नाही. या जुलमाचा शेवट त्याच वर्षी जूनमध्ये चापेकर बंधूंच्या हातून झालेल्या रँडच्या वधात झाला. रोग हटविण्यासाठी आलेले सरकार लोकांना रोगाहून भयंकर वाटले.

वीस वर्षांनंतर तोच रोग आणि तशीच दाटीवाटीची वस्ती इंदूरमध्ये होती. संस्थान मराठी होळकरांचे होते आणि तुकोजीराव होळकर तिसरे हे गादीवर होते. गेडेस यांनी दरबाराकडे मागणी केली ती एक दिवसाच्या राजेपणाची. त्या दिवशीचा उत्सव त्यांच्या मनाप्रमाणे व्हावा, एवढेच त्यांना हवे होते. परवानगी मिळाल्यावर त्यांनी शहरभर जाहीर केले की, यंदा मिरवणूक परंपरेने ठरलेल्या हिंदूंच्या मार्गाने जाणार नाही आणि मुसलमानांच्याही जाणार नाही. ज्या भागातील लोक आपली घरे आणि रस्ते सर्वांत स्वच्छ करतील, त्या भागातून ती जाईल. कचरा वाहून नेण्याची सोय विनामूल्य होती.

मग काय, दिवाळीची झाडलोट एरव्हीही व्हायचीच, आता तिला चढाओढीचे रूप आले. घरांची डागडुजी झाली, भिंती रंगल्या, रस्त्यातले खड्डे भरले गेले. सहा हजारांहून अधिक गाड्या कचरा शहराबाहेर गेला. त्या कचऱ्याबरोबर उंदरांचा आसराही गेला. एकाही घरात शिपाई शिरला नाही.

या मिरवणुकीचा तपशीलवार वृत्तान्त प्रामुख्याने स्वतः गेडेस यांच्याकडूनच आलेला आहे आणि ते काही अलिप्त साक्षीदार नव्हते. प्लेग पुढे ओसरला, परंतु त्याचा हंगामही तेव्हा सरत आला होता, हे त्यांनी नाकारले नाही. सफाई कामगारांना एक दिवस हार घातल्याने त्यांची सामाजिक स्थिती पालटली, असेही म्हणता येणार नाही. मात्र ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला जाई, त्यांना मिरवणुकीत मानाचे स्थान देणे आणि शहराचे आरोग्य त्यांच्या हाती आहे हे राजापासून रंकापर्यंत सर्वांसमोर मांडणे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

१९१८ मध्ये इंदूर दरबाराला सादर केलेला त्यांचा दोन खंडांचा अहवाल त्यांच्या भारतातील कामाचा कळस मानला जातो. इंदूरमधून वाहणाऱ्या नद्यांचे काठ मोकळे करून तेथे बागा कराव्यात, मैला वाहून नेणाऱ्या खर्चिक गटारयोजनेऐवजी त्याचे खत करून तो बागांना द्यावा, घराघरातील तुळशी वृंदावन हे नगरआरोग्याचे केंद्र समजावे, अशा शिफारशी त्यात होत्या. पाश्चात्त्य अभियंत्यांना हसू यावे असे हे मुद्दे होते. परंतु येथील बायका सकाळी तुळशीला पाणी घालताना अंगण झाडतात, सडा घालतात, रांगोळी काढतात, ही नगर स्वच्छतेची तयार व्यवस्था आहे, हे या परक्या माणसाच्या नजरेने बरोबर हेरले होते.

मुंबईचे दिवस

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठाने समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र हा नवा विभाग सुरू करून गेडेस यांना त्याचे पहिले प्राध्यापक म्हणून पाचारण केले. विद्यार्थ्यांना चार भिंतींत बसवून ठेवण्यापेक्षा शहरात नेणे त्यांना अधिक पसंत होते. डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंतचे खोरे आणि त्यात उंचीप्रमाणे बदलत जाणारे व्यवसाय यांची जी आकृती त्यांनी आखली होती, ती सह्याद्रीपासून कोकण किनाऱ्यापर्यंतच्या मुलखाला जणू मापून बेतल्यासारखी बसणारी होती. वर रानातला लाकूडतोड्या आणि धनगर, मध्ये शेतकरी, खाली बागायतदार आणि कोळी. वरचे रान तुटले की खालच्या बंदरात गाळ साचतो, एवढी साधी गोष्ट त्या आकृतीतून कळे.

मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये हे संस्कृतचे बुद्धिमान विद्यार्थी याच काळात गेडेस यांच्या नजरेत भरले. त्यांच्या शिफारशीवरून घुर्ये उच्च शिक्षणासाठी इंग्लंडला गेले आणि परतल्यावर १९२४ मध्ये याच विभागाची धुरा त्यांनी खांद्यावर घेतली. भारतीय समाजशास्त्राची पुढची पिढी घुर्ये यांच्या हाताखाली तयार झाली. गुरू-शिष्यांचे विचार मात्र फारसे जुळले नाहीत. गेडेस यांचा नगरविचार मागे पडला आणि विभाग जाती, कुटुंब, धर्म यांच्या अभ्यासाकडे वळला.

गेडेस यांचा गोतावळा मोठा होता. रवींद्रनाथ टागोर यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार होता. त्यांचा धाकटा मुलगा आर्थर याने श्रीनिकेतनात काम केले. जगदीशचंद्र बोस यांचे चरित्र गेडेस यांनी लिहिले. ते १९२० मध्ये प्रसिद्ध झाले. बोलण्यात ते कोणालाही हार जात नसत. परंतु विचारांचा ओघ इतका की ऐकणारा दमून जाई, हस्ताक्षर लागता लागत नसे आणि हाती घेतलेले काम पूर्ण होण्याआधीच दुसऱ्या कामाने मन वेधलेले असे. अमेरिकेतील लुईस मम्फर्ड यांनी त्यांना गुरू मानले, आपल्या मुलाचे नाव गेडेस ठेवले, मात्र १९२३ मध्ये प्रत्यक्ष भेट झाल्यावर गुरूच्या या वादळी सहवासापासून त्यांनी अंतर राखणेच पसंत केले.

अखेरचा मुक्काम

१९२४ मध्ये प्रकृतीच्या कारणाने गेडेस यांनी मुंबई सोडली. दक्षिण फ्रान्समधील माँपेलिए येथे त्यांनी आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांसाठी एक महाविद्यालय उभारले आणि तेथेही आधी बागच लावली. १९२५ मध्ये त्यांनी तेल अवीव शहराचा आराखडा दिला. भारतातील बहुतेक अहवालांच्या नशिबी दप्तरातली धूळ आली असताना हा आराखडा मात्र प्रत्यक्षात उतरला. त्या शहराचा एक भाग २००३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात समाविष्ट झाला. पूर्वी नाकारलेला सर हा किताब त्यांनी १९३२ च्या आरंभी स्वीकारला आणि त्याच वर्षी १७ एप्रिल रोजी माँपेलिए येथे त्यांचे निधन झाले.

गेडेस यांना अपयशी म्हणणे सोपे आहे. त्यांनी सुचविलेल्यांपैकी फार थोडे घडले. संस्थानिकांच्या मर्जीवर उभे असलेले काम संस्थानिकाची मर्जी किंवा दिवाण बदलला की थांबे. नगरपालिकांना आराखडा हवा असे, आराखड्यामागची रीत नको असे. इंदूरच्या नद्यांचे काठ त्यांच्या कल्पनेप्रमाणे बहरले नाहीत, उलट त्या दीर्घकाळ सांडपाणी वाहत राहिल्या. दुसरीकडे, देशव्यापी स्वच्छ सर्वेक्षणात याच इंदूरने २०१७ पासून सलग अनेक वर्षे पहिला क्रमांक मिळविला. त्याचे श्रेय आजच्या नागरिकांचे आणि सफाई कामगारांचे आहे. शतकापूर्वीच्या मिरवणुकीशी त्याचा थेट धागा जोडणे योग्य होणार नाही. तथापि, कचरा हा घराघरातल्या माणसाने मनावर घेण्याचा विषय आहे, हे तेथे दोन्ही वेळा दिसून आले.

महाराष्ट्राला ही रीत परकी नाही. सार्वजनिक गणेशोत्सवातील मेळ्यांनी देखावा आणि गाणे यांच्या आधारे लोकांना जागे केले. गेडेस इंदुरात होते त्याच काळात विदर्भातील गाडगेबाबा दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडीत होते आणि रात्री कीर्तनातून तोच विषय लोकांच्या गळी उतरवीत होते. दोघांची भेट झाल्याचा दाखला नाही. परंतु झाडूला कलेची जोड दिल्याशिवाय तो लोकांच्या हाती टिकत नाही, हे दोघांनीही स्वतंत्रपणे जाणले होते.

मुंबई महापालिकेने मार्च २०२२ मध्ये आपला हवामान कृती आराखडा जाहीर केला. राज्य सरकारच्या २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘माझी वसुंधरा’ अभियानात शेकडो नागरी आणि ग्रामीण स्थानिक संस्था सहभागी झाल्या. आकडे, उद्दिष्टे आणि तक्ते त्यांत भरपूर आहेत आणि ते आवश्यकही आहेत. परंतु चाळीतल्या, सोसायटीतल्या, झोपडपट्टीतल्या माणसाला हा आराखडा आपला कधी वाटेल, हा प्रश्न तक्त्यांनी सुटत नाही. त्यासाठी नगरपालिकेच्या बैठकीत अभियंत्याच्या शेजारी चित्रकाराला, शाहिराला आणि सफाई कामगाराला खुर्ची द्यावी लागते. ती खुर्ची मिळावी म्हणून एका परदेशी प्राध्यापकाला एका दिवसासाठी महाराजा व्हावे लागले होते.